रिकामी गाडी उडते

जुनी मोटार पाहायला आलेला माणूस आधी भोंगा वाजवून बघतो. मग दार उघडून मिटतो, टपाच्या कापडावरून हात फिरवतो, चाकाला हलकी लाथ मारतो आणि भाव विचारतो. आमच्या बीडकडे हे मी इतक्यांदा पाहिले आहे की कुठे उभ्या गाडीचा भोंगा ऐकू आला की वाटते, आणखी एक जण फसायला निघाला. गळ्यातली घंटा गोड वाजते म्हणून कोणी बैल घेत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसेही घंटेवर जातात.

मी मिस्त्री नाही. बीड-जालना रस्त्यावर चालणाऱ्या एका खाजगी मोटार सर्व्हिसचा मुनीम आहे. तिकिटे, पेट्रोलचे डबे, टायर, वंगण, वाटेत मोडलेल्या स्प्रिंगांच्या कमानी, सगळे माझ्या हातून जाते. कोणती गाडी किती खाते हे तिच्या ड्रायव्हरच्याही आधी मला कळते. त्यातूनच हे दुसरे काम मागे लागले. वकील, डॉक्टर, आडत्ये, लहानसहान वतनदार, ज्यांना मोटार हवी असते पण नवी परवडत नाही, ते येतात आणि म्हणतात, "मुनीमजी, एक गाडी बघायची हाय, चला."

या कामाचा मोबदला मी घेत नाही. मोबदला घेतला की कधी ना कधी 'घ्या' म्हणावे लागते, आणि माझे काम बहुतेक वेळा 'घेऊ नका' म्हणण्याचे. या कामात माणसे जोडली जात नाहीत. विकणारा वैरी होतो. ज्याला वाचवले त्याला आपण कशातून वाचलो हे कधी दिसत नाही, फक्त हातची गेलेली गाडी दिसते. पुढे रस्त्यात भेटला तर तो दुसरीकडे बघतो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्या हैदराबाद इलाख्यात रुपया हाली शिक्क्याचा, आणि हद्दीपलीकडे इंग्रजी मुलखात नगरला गेले की कलदार. शंभर कलदारांना सोळा-सतरा हाली जास्त मोजावे लागतात. शिवाय हद्दीवर करोडगिरीचा नाका आहे, तिथे जकात. नगरला गाडी स्वस्त मिळाली म्हणून नाचत निघालेला माणूस नाक्यावर पोचेपर्यंत गप्प होतो आणि बीडला पोचेपर्यंत आजारी पडतो. हे मी प्रत्येकाला आधी सांगतो. प्रत्येक जण मान डोलावतो आणि नगरला जातो.

दुसरी गोष्ट अशी की गाडीची किंमत हा तिच्या खर्चातला सर्वांत लहान भाग आहे. किंमत एकदा द्यायची असते, पेट्रोल रोज. एका जहागीरदारांचे दिवाणजी एकदा एका वकिलाला रेशमी पडद्यांची भली मोठी गाडी जवळजवळ फुकट देत होते. वकिलाचे डोळे चमकले. मी एवढेच विचारले, "दिवाणजी, जहागीरदारसाहेब ही का काढताहेत?" दिवाणजी खरे बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "परवडत न्हाई." जहागीरदाराला जे परवडत नाही ते वकिलाला कसे परवडणार, हे सांगायला मुनीम लागू नये. पण लागला, आणि तो वकील अजून माझ्याशी बोलत नाही.

पाहणीला माझ्याबरोबर गफूर उस्ताद असतो. तो आमच्या सर्व्हिसचा मिस्त्री. मी खर्च पाहतो, तो पोट पाहतो. माजलगावकडच्या एका पाटलांसाठी आम्ही गाडी बघायला गेलो होतो, त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. पाटलांचा जन्म बैलबाजारात गेलेला. त्यांनी गाडीचे झाकण उघडायला लावले, बराच वेळ आत पाहिले आणि विचारले, "हिचे दात कुटं बघायचे?"

"पाटील, हिचे दात पोटात असतेत," उस्ताद म्हणाला. त्याने गाडीखाली शिरून गिअरची पेटी उघडली आणि बोटावर काळा चिखल काढून दाखवला. त्यात लाकडाचा भुसा होता.

"हे काय बे?"

"भुसा. दात झिजले की गाडी वरडती. भुसा घातला की चार दिवस गप बसती."

"आसं हाय व्हय. म्हातारं बैल बी आसंच दारू पाजून बाजारात आणतेत," पाटील म्हणाले. त्यांना सगळे समजले होते. मी निर्धास्त झालो. तेवढ्यात विकणाऱ्याने खांद्यावरचे उपरणे काढून हातावर टाकले आणि पाटलांनी सवयीने आपला हात त्याखाली घातला. बैलबाजारात भाव असा ठरतो. उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबायची, तोंडाने आकडा काढायचा नाही, आणि तिसऱ्याने विचारायचे नाही. रीतच तशी. दोघे एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे होते आणि उपरणे हलत होते. मी आणि उस्ताद बाजूला. पाटलांचा चेहरा हळूहळू फुलला, आणि मी समजलो की गाडी गेली. बोटाबोटाने भाव उतरला की माणसाला आपण जिंकलो असे वाटते. काय घेतले हे मग तो बघत नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर पाटील भेटले. गाडी कशी आहे विचारले, तर म्हणाले, "कोंबड्या बसतेत तिच्यात. अंडी मातर बरी देती."

आता पोत्यांविषयी. माझ्या पाहणीची ही एक रीत आहे आणि तिच्यावरून बाजारात माझी पुष्कळ थट्टा झाली आहे. कुटुंबासाठी गाडी घेणारा माणूस गाडी बघायला एकटा येतो. घरातल्या बायका परक्यांसमोर येत नाहीत, मुलांना कोणी आणत नाही. विकणारा त्याला शेजारी बसवतो आणि गावाबाहेर चक्कर मारून आणतो. दोन माणसांची गाडी वाऱ्यासारखी जाते. नंतर तीच गाडी घरच्या सात माणसांना घेऊन पहिल्या चढणीला बसते आणि बायकांना भर उन्हात उतरावे लागते. म्हणून मी घरात माणसे किती ते विचारतो, त्यांच्या वजनाची ज्वारीची पोती मागे घालतो आणि मगच गाडी चढणीला नेतो. पोती मोतीशेट आडत्या देतो. "आज कुणाचं खटलं न्यायचं मुनीमजी?" असे विचारून तो पोती मोजून घालतो, आणि परत आली की पुन्हा मोजून घेतो.

अशी दुसऱ्यांची खटली, म्हणजे घरची सगळी माणसे, मी पुष्कळ चढणींवर नेली. माझे स्वतःचे मात्र शिरूर कासारला होते.

बीडपासून शिरूर बारा कोसांवर. तिथे माझी आई, कुटुंब म्हणजे बायको, दोन मुलगे बाबू आणि दत्तू, आणि सर्वांत धाकटी काशी. मी बीडला एका खोलीत. आई घर सोडून यायला तयार नव्हती आणि तिला टाकून कुटुंब येऊ शकत नव्हते. थोडी कोरडवाहू जमीन होती, तिच्याकडेही कोणीतरी बघायला हवे होते. आमच्या सर्व्हिसच्या मोटारी तिकडे जात नव्हत्या, कारण त्या रस्त्याला उतारूच नाहीत. मीच तो हिशेब मालकाला करून दाखवला होता आणि तो बरोबर होता.

आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची. बैलगाडीने जायला एक दिवस, यायला एक दिवस. एका शुक्रवारात ते बसत नव्हते. म्हणून दिवाळीला, उन्हाळ्यात, आणि कोणी आजारी पडले तर मी जाई. दिवसभर मोटारींची तिकिटे फाडणारा माणूस आपल्या घरी बैलगाडीने जात होता, तेही वर्षातून तीनदा.

एकदा दिवाळीला पोचलो तेव्हा काशी दारात खेळत होती. मला पाहून ती आत पळाली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, मुनीम आले." गावात सगळे मला मुनीमच म्हणतात, तिने तेच ऐकलेले. कुटुंब हसले, आई हसली, मीही हसलो. संध्याकाळी कुटुंबाने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि ती म्हणाली, "अवो, लोकाच्या बायकापोरास्नी गाड्या निवडून देता. आपल्याला कवा?"

"आपल्याला परवडायला पायजे."

"परवडंल तवा काशी सासरी आसंल."

तिचे बोलणे मला हिशेबासारखे खरे वाटले. त्या दिवाळीपासून मी स्वतःसाठी गाडी बघू लागलो.

इतकी वर्षे दुसऱ्यांना सांगितलेले सगळे आता मलाच ऐकायचे होते. जमवलेले थोडे होते आणि त्यापलीकडे कर्ज काढायचे नाही हे ठरलेले. गाडी लहान इंजिनाची हवी, म्हणजे पेट्रोल कमी. टायर या भागात मिळणारे हवेत. उस्तादाला उघडता-मिटता येईल अशी साधी हवी. महिन्यातून दोन शुक्रवार जाऊन यायला पुरेल एवढे पेट्रोल माझ्या पगारातून निघेल, असा मेळ घातला होता. चारही शुक्रवार बसत नव्हते. मी कितीदा तरी करून पाहिले.

पुष्कळ गाड्या पाहिल्या. मी दुसऱ्याला जितक्या लवकर 'नको' म्हणतो त्याहून लवकर स्वतःला म्हणत होतो. उस्ताद वैतागला. "मुनीमजी, तुमाला गाडी न्हाई, फरिश्ता पायजे," तो म्हणाला. मग एका गुरुवारी तोच सांगत आला की पेठेतले हकीमसाहेब वारले त्यांची गाडी निघते आहे. लहान आहे, जुनी आहे, पण एका हाताखालची आहे.

हकीमसाहेबांच्या घरी गेलो. गाडी तबेल्यात ताडपत्रीखाली होती. मी माझ्या रीतीने बघायला लागलो. पुढे चालवणाऱ्याच्या जागेचे चामडे पार झिजून आतला काथ्या वर आला होता. ब्रेकच्या पट्टीवर बुटाचा ठसा खोल पडला होता. शेजारची जागा बरी होती. मागची बैठक बघितली आणि मी थांबलो. ती नवी होती. चामड्याला सुरकुती नव्हती, शिवणीचा दोरा अजून पांढरा होता. आणि त्या नव्या बैठकीवर मधोमध ज्वारीचे एक पोते ठेवलेले होते.

"उस्ताद, हे पोतं कशाचं?"

उत्तर तबेल्याला लागून असलेल्या दारातून आले. दाराला बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा होता आणि त्याच्या आड हकीमसाहेबांच्या बीबी बसल्या होत्या. "रहने दो उसको. हकीमसाब रखते थे. खाली गाडी खड्ड्यांत उडती."

मी न राहवून विचारले, "मागं कोणी बसत नव्हतं का?"

उस्तादाने माझ्याकडे रागाने पाहिले. मग त्या आमच्या बोलीत म्हणाल्या, "बाल-बच्चे होतील, बसतील म्हणून मोठी शीट घेतली. झाले न्हाईत. हकीमसाब एकलेच मरीज बघाया जायाचे. मी एक बार बसले, पडदा बांधून." आणि मग त्यांनी मला विचारले, "तुमच्या घरात माणसं किती?"

"सहा."

"सहा," त्या म्हणाल्या. "मग बघा चालवून. चढली तर न्या."

मोतीशेटकडे जाऊन मी पोती मागितली. "आज कुणाचं खटलं?" त्याने नेहमीसारखे विचारले. मी म्हणालो, "माझं." त्याने तराजू खाली ठेवला आणि स्वतः उठून आला.

आईचा एक मण धरला. कुटुंबाचा सव्वा मण. बाबूचा मण, दत्तूचा पाऊण, काशीचा अर्धा. एवढी वर्षे दुसऱ्यांची वजने धडाधड सांगितली होती, आपली सांगताना मी प्रत्येक वेळी थोडा थांबत होतो. दत्तू गेल्या दिवाळीपासून किती वाढला असेल हे मला माहीत नव्हते. मोतीशेटच्या हमालांना मजा वाटत होती. "हे आईचं पोतं, नीट ठेव बे, आदळू नको," एक जण दुसऱ्याला म्हणाला. उस्ताद म्हणाला, "भाभीचं पोतं आतल्या बाजूला घ्या, रस्त्यावरून दिसाया नगं." त्याने खरोखरच ते पोते आईच्या पोत्याआड ठेवले. हकीमसाहेबांचे पोते आम्ही तबेल्यात उतरवून ठेवले होते.

नारायणगडाकडे जाणाऱ्या वाटेवर एक चढण आहे. शिरूरच्या रस्त्याला नदीकाठी तेवढीच खडी चढण लागते, आणि गडावर देवदर्शनाला जायचे आईच्या फार दिवसांपासून मनात होते, म्हणून मी तीच निवडली. चालवायला उस्ताद. माझ्या जागी तो बसल्यामुळे मी जास्तीचा होतो. पायथ्याशी मी उतरलो. गाडी माझ्या घरच्यांना घेऊन चढू लागली आणि मी मागून पायी निघालो.

निम्म्यावर तिने दोन धक्के दिले आणि ती बंद पडली. उस्ताद ओरडला, "दगड लावा." मी धावत जाऊन चाकाला दगड लावला. हँडल मारून पाहिले, सुरू झाली, दोन हात गेली, पुन्हा बंद. माझा नियम ठरलेला आहे. भरलेली गाडी चढणीवर बसली की पाहणी संपली, मग भाव कितीही उतरो. उस्तादालाही तो ठाऊक होता. मी पोत्यांकडे बघत उभा राहिलो. त्या क्षणी मला वाटले, आपण एखादे पोते कमी धरायला हवे होते. असे मला दुसऱ्या कोणाच्या पाहणीत कधी वाटले नव्हते.

"न्हाई जमायचं उस्ताद. चला परत."

उस्ताद खाली उतरला. त्याने पुढच्या बैठकीखाली हात घालून टाकी ठोकून पाहिली आणि हसला. "मुनीमजी, इंजन चांगलं हाय. तिला पेट्रोल पोचंना." मग त्याने मला समजावले. या गाडीची टाकी बैठकीखाली असते आणि पेट्रोल पंपाने नव्हे, नुसत्या उताराने इंजिनाकडे वाहते. खड्या चढणीला इंजिन वर जाते, टाकी खाली राहते. टाकी भरलेली नसेल तर पाणी डोंगर कसा चढणार?

"मग उपाय?"

"उलटी चढवायची. तोंड खाली, पाठ वर. मंग इंजन खाली, टाकी वर. आन उलट्या गिअरला जोर बी जास्त."

आमच्या सर्व्हिसच्या गाड्या मोठ्या आणि वेगळ्या बांधणीच्या, त्यामुळे हे मी कधी पाहिले नव्हते. पायथ्याला गाडी फिरवली. उस्ताद मान मागे वळवून चालवू लागला आणि गाडी पाठमोरी चढायला लागली. मेंढरे घेऊन उतरणारा एक म्हातारा धनगर बाजूला उभा राहिला. "आरं, तोंड चुकलं का तिचं?" त्याने विचारले. गाडी न थांबता, पाचही पोत्यांसकट, वर गेली. वळणापाशी दिसेनाशी झाली तेव्हाही इंजिनाचा आवाज चालू होता. मी घामाघूम होऊन वर पोचलो तेव्हा उस्ताद काशीच्या पोत्याला टेकून विडी ओढत होता.

भाव ठरवताना मी पहिल्यांदा आकडा कधी सांगत नाही. बीबींनी मात्र मलाच सांगायला लावला. मी गाडीची जी किंमत खरी होती ती सांगितली. ती माझ्याजवळ जमले होते त्याच्या अगदी काठावर होती. त्यांनी वर-खाली काही केले नाही. मी रक्कम पडद्याखालून सरकवली आणि म्हणालो, "बीबी, तुमचं पोतं तबेल्यात आहे. गाडीच्या किमतीत ते धरलेलं नाही."

"न्या की. लागंल कवातरी."

"आम्ही सहा जण आहोत. आमची गाडी उडायची नाही."

पडदा थोडा हलला. "अल्ला भरी रखे," त्या म्हणाल्या. मी पोते त्यांच्या दारात नेऊन ठेवले आणि गाडी घेऊन निघालो.

चालवायला मला उस्तादाने शिकवले. पहिल्या शुक्रवारी शिरूरला गेलो तेव्हा अर्धे गाव गोळा झाले आणि ज्याने त्याने भोंगा वाजवून पाहिला. काशी दिवसभर भोंग्यावरून उठली नाही. पोत्यांची हकिकत उस्तादाने एकदा माझ्याबरोबर आला तेव्हा घरी सांगितली. कुटुंबाने जेवायला वाढताना विचारले, "आन मला सव्वा मण धरलं म्हनं. ज्वारीच्या भावानं मोजलं काय?"

"अंदाजानं धरलं."

"आत्याबाईस्नी मण आन मला सव्वा. बरं हाय."

त्यावर आई म्हणाली, "आगं, कमी धरलं आसतं तर वाटंत उतरावं लागलं आसतं." त्यानंतर कुटुंबाला कशाचाही राग आला की ती 'सव्वा मण' काढत असे.

महिन्यातून दोन शुक्रवार, पावसाळ्यात वाटेतल्या सिंदफणा नदीला पाणी नसेल तेव्हा, मी घरी जात होतो. उतार लागला की इंजिन बंद करून गाडी घरंगळत नेत होतो, तेवढेच पेट्रोल वाचे. नारायणगडाच्या जत्रेला सगळ्यांना नेले. चढण आली की मी गाडी फिरवून उलटी चढवी. आई मागे, तोंड उताराकडे. बायका उलट्या गाडीला भितात, पण तिला ते आवडले. "वाट मागं ऱ्हाती आसं वाटत न्हाई. निगालो तितलं दिसत ऱ्हातं," ती म्हणाली. परत येताना मुले एकमेकांवर पडून झोपली. दत्तूने मागच्या नव्या बैठकीला खिळ्याने भोक पाडले, म्हणून मी त्याला रागे भरलो. ते भोक मी नंतर शिवले नाही.

या गाडीवर मी जो खर्च केला त्यातला एकही पैसा वाया गेला असे मला वाटत नाही. कोणी कमी पैशात कुटुंबासाठी जुनी गाडी कशी घ्यावी विचारले तर मी आजही हेच सांगतो. लहान इंजिन, साधी बांधणी, आणि चढणीवर पोती. एकच गोष्ट मी पूर्वी सांगत नव्हतो, कारण मला ती ठाऊक नव्हती. गाडी माणसे आणते तशीच नेतेही, आणि तिला त्यात फरक पडत नाही.

काही वर्षांनी बाबूला हैदराबादेत एका छापखान्यात जागा मिळाली. त्याला याच गाडीने जालन्याच्या स्टेशनवर सोडले. पुढच्या साली आई गेली, आपल्या घरात, तिला हवे होते तसे. काशीचे लग्न माजलगावकडे झाले. नवरा-नवरीला मागच्या बैठकीवर बसवून मीच पोचवून आलो. दत्तूला पुढच्या शिक्षणासाठी बाबूने बोलावून घेतले. पुन्हा जालना. आता कुटुंब बीडला येऊन माझ्याजवळ राहणार होते. घराला कुलूप लावायचे ठरले, तेवढ्यात बाबूच्या घरी पाळणा हलला. सून एकटी, मूल नाजूक. कुटुंबाने माझ्याकडे पाहिले आणि मी गाडीत पेट्रोल घातले.

स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. ती बोचक्यावर बसून म्हणाली, "दोन-चार म्हयन्यानं येते."

"ये."

"तितलं पाणी सोसंना तर आधीच येते."

"ये."

आगगाडी आली. आत बसल्यावर तिने खिडकीतून बाहेर बघितले. मोटार स्टेशनच्या कुंपणाबाहेर दिसत होती. "गाडी हळू चालवा," ती म्हणाली. "आता सव्वा मण कमी झालं."

त्यालाही बरेच दिवस झाले. मूल रांगायला लागले आहे असे कळते. हैदराबाद शुक्रवारात बसत नाही. दोन्ही शुक्रवार मी शिरूरला जातो, घर उघडतो, झाडतो, तुळशीला पाणी घालतो, जमिनीची चौकशी करतो आणि परत येतो. जाताना-येताना गाडी उडते. पूर्वी जी वाट सपाट वाटे तिच्यावर किती खड्डे आहेत हे आता कळते. गेल्या महिन्यात सिंदफणेच्या काठावर मागचे चाक इतके आपटले की कमान तुटली. बैल जोडून गाडी बीडला आणावी लागली.

उस्तादाने नवी कमान बसवली. हात पुसताना म्हणाला, "मुनीमजी, आता मागं कायतरी ठेवत जा."

मी पेठेतून निघालो. वाटेत हकीमसाहेबांचे घर लागते. दाराला तोच चिकाचा पडदा आहे. मी पडद्यासमोर क्षणभर उभा राहिलो, मग पुढे गेलो आणि मोतीशेटच्या दुकानात पायरीवर बसलो. तो आता थकला आहे, त्याला नीट दिसत नाही, पण आवाज ओळखतो. मी ज्वारीचे एक पोते मागितले.

"मुनीमजी, एकल्या माणसाला येवडी ज्वारी?"

"खायाला न्हाई शेट. गाडीत ठेवायचंय."

तो माझ्या दिशेने वळला. मग त्याने हमालाला हाक मारली, तराजू पुढे ओढला आणि विचारले, "किती वजनाचं घालू?"

मी म्हणालो, "सव्वा मण."